नाव कमी केलं

माझा भाऊ गेला त्याला चौथा महिना लागला होता, आणि मी पेणहून रोह्याला निघाले होते ती त्याच्या कंप्युटरसाठी. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी मला चांगली बाई समजायला नको. घरी मी "वहिनी एकट्या आहेत, बघून येते" असं सांगितलं. पिशवीत पोहे घेतले, पापड घेतले. ते सगळं दाखवायला होतं. गाडीत बसल्यावर माझ्या डोक्यात वहिनी नव्हत्या, त्यांच्या हॉलमधल्या टेबलाखाली ठेवलेला तो काळा डबा होता.

त्या डब्यात आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत होता. म्हणजे घराण्याच्या मूळ पुरुषापासून आजपर्यंत कोण कोणाचा मुलगा, कोण कुठं नोकरीला, कोणाला किती मुलं, याचं पुस्तक. आमच्याकडं एके काळी पेणच्या खाडीलगत जमिनी होत्या. काही कुळांकडं गेल्या, काही खाऱ्या पाण्यानं खाल्ल्या, आणि आम्ही सगळे मास्तर, कारकून, वकील झालो. जमिनी गेल्या तरी मिजास राहिलीच, त्यामुळं पुस्तक काढायचं ठरलं. चार ज्येष्ठ पुरुषांची समिती झाली. त्यांनी जो नमुना काढला, त्यात पुरुषांची पदवी, हुद्दा, बदलीची गावं, सगळं होतं. बायकोपुढं फक्त लग्नानंतरचं नाव. मुलींपुढं "एक कन्या, विवाहित."

मी पंचवीस वर्षं शाळेत मराठी शिकवते. शब्द गाळलेला मला दिसतो. मी समितीला म्हटलं, बायकांची पाळण्यातली नावं मी गोळा करते. आमच्या घराण्यात सून आली की तिचं नाव बदलायचीच रीत. आईनं ज्या नावानं हाक मारली ते नाव उंबऱ्याबाहेर चपलांबरोबर राहायचं, आणि दोन पिढ्यांनी ते कुणालाच माहीत नसायचं. समितीतले एक काका म्हणाले, "अगं, त्या आता इथल्या झाल्या. आधीचं नाव म्हणजे खोक्यावरचं लेबल. वस्तू घरात आली, लेबल कशाला जपायचं?" सगळे हसले. आमच्या घराण्यात नाव ठेवायला कुणाला जमो न जमो, नावं ठेवायला सगळ्यांना जमतं.

मी हट्टाला पेटले. सहा वर्षं सुट्ट्या त्यात घातल्या. पेण, नागोठणं, रोहा, अलिबाग, मुंबईच्या पलीकडच्या नव्या वसाहती. म्हाताऱ्या बायकांपुढं वही घेऊन बसायचं आणि विचारायचं, तुमचं पहिलं नाव काय? काही लाजायच्या. एकीनं आधी दार लोटून घ्यायला लावलं, मग सांगितलं, आणि सांगितल्यावर स्वतःच दोनदा म्हणून बघितलं. एकीला स्वतःचं आठवेना, तिच्या बहिणीला फोन लावला. नवरा गेलेल्या, मुलं परदेशी असलेल्या, कमरेत वाकलेल्या अशा दोन-अडीचशे बायका असतील. त्यातल्या कितीतरी आता नाहीत. ती नावं जगात फक्त माझ्या वह्यांत होती आणि नंतर भावाच्या मशीनमध्ये.

मशीन म्हणजे काय ते सांगायला हवं. समितीतल्या एकांनी पूर्वी हे काम एका जुन्या मराठी प्रोग्रॅममध्ये सुरू केलं होतं. त्यातली अक्षरं नव्या कंप्युटरवर उघडतच नाहीत, नुसते चौकोन दिसतात. माझा भाऊ धाटावला एका केमिकल कंपनीत इन्स्ट्रुमेंटचं काम करायचा. तिथं अशी कित्येक उपकरणं, जी फक्त जुन्या विंडोजशीच बोलतात. म्हणून नव्या कंप्युटरच्या पोटात एक जुना कंप्युटर बसवतात, खोटा, पण खऱ्यासारखा चालणारा. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. खिडकी उघडली की आत वीस वर्षांपूर्वीचा पडदा. भावानं रिटायर झाल्यावर घरी तसंच एक मशीन बसवलं आणि त्यात तो जुना प्रोग्रॅम घातला. मी रोह्याला वह्या पोचवायच्या, आणि पंधरा दिवसांनी त्याचा फोन यायचा, "आमचं टाकून झालं गं, पुढची वही आण."

आमचं. मला वाटायचं, रिटायर झाल्यापासून साहेब स्वतःला आदरार्थी बोलायला लागले.

त्याच्यावर माझा इतका भरवसा, की घर रंगवायला काढलं तेव्हा मी त्या वह्या रद्दीत दिल्या. मशीनमध्ये आहे की सगळं. दुसरी प्रत नव्हती. पेणला राहून माझ्याकडं साधा पेनड्राइव्ह नव्हता, असं माझे यजमान अजून चारचौघांत सांगतात. मग एका सकाळी भाऊ दाढी करता करता बेसिनपाशी खाली बसला तो उठलाच नाही. आणि तीन महिन्यांनी समितीचा फोन आला, छापखाना ठरला, मजकूर द्या.

वहिनी दारात आल्या. पांढऱ्याकडं झुकणारी साडी, गळा मोकळा. मी पोहे-पापड दिले, दोन वाक्यं भावाबद्दल बोलले, त्यांनी चहा ठेवला, आणि त्या आत गेल्या तशी मी टेबलाशी बसले. कंप्युटर सुरू केला. पूर्वी तिथं दोन नावं यायची, भावाचं वर आणि वहिनींचं खाली. भावाचा पासवर्ड मला माहीत होता. पण आता पडद्यावर एकच नाव होतं, वहिनींचं.

त्याला पासवर्डही नव्हता. वहिनींकडं लपवण्यासारखं काय असणार, असं भावाला वाटलं असेल. मी आत शिरले, मशीनचा प्रोग्रॅम शोधून उघडला. डाव्या बाजूला जिथं आमच्या मशीनचं नाव असायचं, तिथं काहीच नव्हतं. पांढरी रिकामी पट्टी. मी बंद केला, परत उघडला. मग स्वतःचं शहाणपण चालवलं. "नवीन" असं बटण होतं ते दाबलं, तेच जुनं नाव दिलं, पुढं पुढं होकार देत गेले आणि मशीन चालू केलं. काळा पडदा आला आणि त्यावर एक ओळ, की सुरू करण्यासारखं यात काही नाही. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. पेणच्या माणसावर ही म्हण वापरायची पाळी येऊ नये.

वहिनी चहा घेऊन आल्या. मी विचारलं, "वहिनी, दादाचं खातं कुठं गेलं यातलं?"

"ते व्हय?" त्यांनी कप ठेवला. "ते कमी केलं."

"कमी केलं म्हणजे?"

"नाव कमी केलं. तलाठ्याकडं केलं, रेशनकार्डात केलं, ग्यासला केलं, बँकेत केलं. जिथं जाईन तिथं तेच. मयताचं नाव कमी करा, अर्ज द्या, दाखला लावा. ह्यात तेवढं ऱ्हायलं होतं." त्या पदराला हात पुसत होत्या. "रोज सकाळी चालू केलं की त्यांचं नाव वर यायचं. पासवर्ड मागायचं. मग मीच बघून बघून केलं."

मला आज कळतं की त्यात न कळण्यासारखं काहीच नव्हतं. तीन महिने जिनं हातात फाइल धरून एकेका खिडकीवर नवऱ्याचं नाव खोडून घेतलं, तिच्यासमोर घरातल्याच पडद्यानं "खाते काढून टाका" असं लिहून दाखवलं, तर ती दुसरं काय समजणार? आपल्याकडं माणूस मेल्यावर करायचं काम तेच. पण त्या क्षणी माझ्या कानशिलात रक्त चढलं होतं.

मी म्हटलं, "वहिनी, हे काय रेशनकार्ड आहे?"

त्यांनी चहाचा कप माझ्याकडं सरकवला.

"अडीचशे बायकांची नावं होती त्यात. सहा वर्षं मी दारोदार फिरले. त्यातल्या निम्म्या मेल्या. आता कुणाला जाऊन विचारू? न विचारता, न सांगता तुम्ही सगळं पुसून टाकलंत. तुम्हाला काय कळतं त्यातलं? ज्यातलं कळत नाही त्याला हात कशाला लावायचा?"

"ह्या कंप्युटरनं मला विचारलं," वहिनी हळू म्हणाल्या. "फायली ठेवू का काढू. मी ठेव म्हटलं."

"ठेव म्हटलं तर मग कुठंय?" मी पडद्यावर बोट आपटलं. आणि मग मी ते वाक्य बोलले. तोंडातून निघून गेलं असं म्हणणार नाही, मी ते नीट निवडून बोलले. "आमच्या घराण्याचं होतं ते, वहिनी. आमच्या घराण्याचं."

सदतीस वर्षं ती बाई आमच्या घरात होती. माझ्या आईचं शेवटचं आजारपण तिनं काढलं, मी पाहुणीसारखी येऊन जायची. ती तशीच वळली. आत गेली, एक जुनी चादर घेऊन आली, खाली बसून डब्याच्या वायरी एक एक करून काढल्या, डबा चादरीत ठेवला आणि चारी टोकांची गाठ मारली.

"घेऊन जा," त्या म्हणाल्या. "तुमच्या घराण्याचं हाय."

चहा तसाच राहिला.

परतीच्या गाडीत गठुडं मांडीवर घेऊन मी खिडकीशी बसले होते. दुपारची गाडी, माणसं थोडी. कासूला दोन बायका चढल्या. एक दुसरीला म्हणत होती, "सरक गो जरा." वहिनी याच भागातल्या. कासूच्या पलीकडं खाडीकडच्या एका गावातल्या. त्यांचं "नाय" आणि "हाय" ऐकून आम्ही भावंडं सुरुवातीला पोट धरून हसायचो, आणि वडील, तेही मास्तरच, जेवताना त्यांचं बोलणं दुरुस्त करायचे. त्या दोघींकडं बघताना मला हे आठवलं, पण माझा राग उतरला नव्हता. पेण येईपर्यंत मी मनात वहिनींना आणखी काय काय बोलता आलं असतं ते जुळवत होते. तो प्रवास आठवला की मला माझीच शिसारी येते.

आमच्या शाळेत कंप्युटर शिकवणारे एक सर आहेत. शनिवारी शाळा सुटल्यावर त्यांनी ते गठुडं लॅबमध्ये सोडलं, वायरी जोडल्या आणि माझी सगळी कहाणी ऐकून घेतली. मग ते असं काही हसले की मला वाटलं आता यांनाही एक ऐकवावी.

"मॅडम," ते म्हणाले, "मशीन खात्यात नसतंच. खात्यात नुसती यादी असते. या माणसाची कुठकुठली मशिनं आहेत त्याची यादी. खातं काढलं म्हणजे यादी गेली. दुसऱ्या खात्यातनं बघितलं तर ती यादी दिसणारच नाही, मशीन जागच्या जागी असलं तरी."

"मग मशीन कुठंय?"

"ते बघू. नेहमीच्या जागी, त्यांच्या खात्याच्या फोल्डरमध्ये असतं, तर मात्र गेलं असतं. ‘ठेव’ म्हटलं तरी कंप्युटर फोटो, कागदपत्रं असलंच ठेवतो. बाईंची काही चूक नाही, तो प्रश्नच फसवा आहे." बोलता बोलता त्यांनी दुसरा ड्राइव्ह उघडला. "पण तुमचे बंधू पक्के. हे बघा, इथं ठेवलंय."

फोल्डर समोर होता. त्यावर दाबलं तर आतमध्ये जायला परवानगी नाही असा निरोप आला. सरांनी त्याचा मालक कोण ते उघडून दाखवलं. मालकाच्या जागी नाव नव्हतं. "अनोळखी खाते" असं लिहून पुढं एक लांबलचक आकडा होता. माझा भाऊ. मी खुर्ची मागं घेऊन जरा वेळ खिडकीबाहेर बघितलं.

सरांनी मालकी वहिनींच्या खात्याकडं वळवली. भावानं दोन्ही खात्यांना सारखेच अधिकार देऊन ठेवले होते, त्यामुळं ते जमलं. मग मशीनचा प्रोग्रॅम उघडून "नवीन"च्या शेजारचं "जोडा"चं बटण त्यांनी दाबलं, त्या फोल्डरमधली मशीनची फाइल दाखवली, आणि पांढऱ्या पट्टीवर जुनं नाव येऊन बसलं. दोन बटणांमध्ये बोटभर अंतर होतं. माझं बोट चुकीच्या बटणावर गेलं होतं आणि शिक्षा वहिनींना झाली होती. चोर सोडून संन्याशाला फाशी देतात, तसं.

मशीन सुरू झालं. जुना निळा पडदा, त्यात जुना प्रोग्रॅम, आणि त्यात त्या सगळ्या. पहिलं नाव वाचलं आणि मला रडू फुटलं. दार लोटायला लावणारी ती म्हातारी. सर कंप्युटरच्या मागं काहीतरी शोधल्यासारखं करत राहिले. खरं सांगायचं तर रडता रडताही माझ्या मनात पहिला विचार आला तो छापखान्याचा. वेळेत मजकूर जाईल म्हणून मी निःश्वास टाकला. वहिनींचा विचार नंतर आला, पान खाली सरकवताना.

प्रत्येक नावापुढं टिपेचा एक रकाना होता. माझ्या वह्यांत तसला रकाना नव्हता, म्हणून मी आधी तिकडं बघितलंच नाही. मग एकीपुढं दिसलं, "वन्संच्या वहीत अक्षर लागत नाय. ठ का ढ? विचारायचं."

मी पुढची टीप शोधली. "वन्संनी दोनदा लिवलंय, एक काढलं." आणखी खाली, "ही आमच्या कासूकडची. समदी हिला नुसतं गो बाय म्हणायची. खरं नाव वन्संना गावलं, बरं झालं." आणि एका ओळीत, "ही मागल्या महिन्यात गेली."

मला वन्सं म्हणणारं माणूस जगात एकच आहे.

भावानं मशीन बसवलं होतं, जुना प्रोग्रॅम चालता केला होता. पण वह्या टाकल्या होत्या वहिनींनी. त्याच्या खात्यात बसून, त्याच्या पासवर्डनं, सहा वर्षं. "आमचं टाकून झालं" यातलं "आमचं" खरोखरचं अनेकवचन होतं, आणि मराठीच्या बाईला ते कळलं नव्हतं. तुम्हाला काय कळतं त्यातलं, असं मी जिला म्हटलं होतं तिनं माझ्या वहीतल्या चुका काढल्या होत्या. ती एक एक बाई तिच्या बोटांखालून गेली होती. मग तिनं मला हे का सांगितलं नाही? सांगायला मी जागा कुठं ठेवली होती?

सरांना मी जायला सांगितलं, कुलूप लावून किल्ली शिपाईमामांकडं देते म्हटलं. ते गेल्यावर मी आमच्या शाखेपर्यंत खाली गेले. आजोबा, वडील, आई. आईचं पाळण्यातलं नाव नीट होतं. मग भाऊ. त्याचं शिक्षण, त्याची नोकरी. पत्नी, लग्नानंतरचं नाव. पाळण्यातलं नाव, कोरं. टिपेच्या रकान्यात, "वन्संनी विचारलं नाय. विचारतील तवा टाकू."

मी कुठल्या कुठं जाऊन विचारलं होतं. या बाईच्या हातचा चहा पीत पीत मी तिच्या हॉलमध्ये बसून भावाशी त्या नावांबद्दल तासन्‌तास बोलले होते. वहीत भावाच्या पानावर मी "नंतर" असं लिहून ठेवलेलंही मला आठवलं. घरातलीच आहे, कधीही विचारता येईल.

मी लग्नाचा दिवस आठवायचा प्रयत्न केला. मी तेरा वर्षांची होते. ताटात तांदूळ पसरले होते आणि भाऊ अंगठीनं त्यात नाव लिहीत होता. ते नाव वडिलांनी ठरवून दिलं होतं, हजेरीपटात घालावं तसं. आमच्याकडच्या पत्रिकेतही आधीपासून तेच छापलं होतं, कारण मुलीचं मूळ नाव वडिलांना फार गावठी वाटलं होतं. घरात ते पहिल्यांदा कळलं तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो. मी सर्वांत जास्त. भाऊ चिडून आत निघून गेला होता, हेही आठवतं. आईनं "पुरे गं" म्हटलेलं आठवतं. हसू आठवतं, नाव आठवत नाही. त्या दिवशी लॅबमध्ये बसून मी बाराखडी लावून बघितली, प्रत्येक अक्षरापाशी थांबून बघितलं. काही उपयोग झाला नाही.

रविवारी सकाळी मी परत गठुडं घेऊन रोह्याला गेले. या वेळी पोहे नाहीत, पापड नाहीत. वहिनी मागच्या पडवीत वाल सोलत बसल्या होत्या. मी डबा टेबलाखाली ठेवला, वायरी लावल्या आणि त्यांच्याजवळ जाऊन बसले. त्यांनी मला बघितलं आणि परातीकडं नजर वळवली. मीही चार वाल उचलून सोलायला घेतले. मला ते काम धड येत नाही, डाळिंबी तुटते.

"वहिनी, मी चुकले," मी म्हटलं. "मी जे बोलले ते बोलायला नको होतं."

"मशीन लागलं?"

"लागलं. दुसऱ्या ड्राइव्हला होतं. तुम्ही काही पुसलं नव्हतं."

त्यांचे हात थांबले. "समद्या हायत?"

त्यांनी नावांबद्दल विचारलं नाही, बायकांबद्दल विचारलं. समद्या हायत? "सगळ्या आहेत," मी म्हटलं. "तुम्ही टाकलंत सगळं. मी टिपा वाचल्या. दादानं कधी सांगितलं नाही मला."

"ते सांगणार होते. मीच नको म्हटलं. तुम्हाला वाटलं असतं चुका असतील."

वाटलंच असतं. थोडा वेळ आम्ही दोघी वाल सोलत राहिलो. शेजारच्या घरातलं कुणी धाटावची शिफ्ट सुटून आलं असावं, मोटरसायकल आत घेतल्याचा आवाज आला. मग मी विचारलं. सहा वर्षांत अडीचशे वेळा विचारलेला प्रश्न.

"वहिनी, एक राहिली आहे. तुमचं पहिलं नाव काय?"

त्यांनी परात बाजूला सरकवली. माझ्याकडं सरळ बघितलं. मला वाटलं आता त्या सांगतील, किंवा रडतील, किंवा चिडतील. त्यांनी विचारलं, "पुस्तकाला पाहिजे, का तुम्हाला?"

मला, एवढंच म्हणायचं होतं. एक शब्द, दोन अक्षरं. मी शब्दांवर पोट भरणारी बाई, वर्गात पोरींना सांगत असते की नेमकं बोला. पण माझ्या डोक्यात समितीचा फोन होता, छापखान्याची तारीख होती, आणि भावाच्या पानावरची ती एक कोरी जागा माझ्या डोळ्यांत खुपत होती. त्यांनी बरोबर ते बघितलं. मी म्हटलं, "पुढच्या सोमवारी मजकूर द्यायचाय."

"मग नाय सांगत, वन्सं," वहिनी म्हणाल्या. त्यात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते, पाया पडले असते, काहीतरी केलं असतं. त्या उठल्या, सोललेल्या डाळिंब्या भांड्यात काढल्या आणि मला विचारलं, जेवून जाणार का.